किमान शिल्लक

२०१६ च्या सप्टेंबरात रिओ द जानेरोमधील देओदोरोच्या मैदानावर युक्रेन आणि इराण यांच्यात फुटबॉलचा एक अंतिम सामना झाला. निर्धारित वेळेत बरोबरी झाली, जादा वेळ द्यावा लागला आणि युक्रेनने २-१ असा विजय मिळवला. इराणचे नाव या स्पर्धेच्या मूळ यादीत नव्हतेच. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात रशियाच्या साऱ्या पॅरालिम्पिक पथकावर बंदी आली, ऐनवेळी इराणला निरोप गेला, आणि बदली म्हणून आलेला हा संघ रौप्यपदक घेऊन परतला. एखाद्या कादंबरीकाराने असे कथानक रचले असते तर संपादकाने 'फार जुळवून आणल्यासारखे वाटते' असा शेरा मारून हस्तलिखित परत पाठवले असते.

आपल्याकडे हा सामना कोणाच्या फारसा ध्यानात राहिला नाही. त्या दिवसांत आपल्या वृत्तपत्रांत मरियप्पन थंगवेलूची उंच उडी, देवेंद्र झाझरियाचा भाला आणि दीपा मलिकचा गोळा होता, आणि ते साहजिकच होते. पण देओदोरोच्या हिरवळीवर उतरलेल्या प्रत्येक खेळाडूला एक गोष्ट ठाऊक होती. सेरेब्रल पाल्सी असलेल्या खेळाडूंचा हा सात जणांचा फुटबॉल पुढच्या, म्हणजे टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये असणार नव्हता. तसा निर्णय २०१५ च्या जानेवारीतच जाहीर झाला होता. त्यामुळे तो अंतिम सामना दोन्ही अर्थांनी अंतिम ठरला. त्यानंतर टोकियो झाले, पॅरिस झाले. २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या यादीतही या खेळाचे नाव नाही.

मी क्रीडासमीक्षक नव्हे. आयुष्यातली तीसेक वर्षे बँकेच्या लेजरांत आणि ताळेबंदात गेली, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. मात्र नोकरीची काही वर्षे कोल्हापुरात काढल्यामुळे फुटबॉलचे वेड अंगात भिनले ते भिनलेच. पेठापेठांतल्या तालीम मंडळांचे संघ, शाहू स्टेडियमवर उसळणारी गर्दी, पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांची लढत असली की त्या दिवशी काउंटरवर कमी झालेली वर्दळ, हे सारे मी पाहिले आहे. निवृत्तीनंतर घरातल्या मुलांनी संगणकावर जुने सामने लावून द्यायला सुरुवात केली आणि एके दिवशी असाच हा सात जणांचा फुटबॉल समोर आला. पहिली दहा मिनिटे मी खेळाडूंच्या चालीकडे पाहत होतो. कोणाचा हात कोपरात दुमडून छातीशी आलेला, कोणाचे गुडघे एकमेकांना घासत असलेले, कोणी टाचा न टेकता चवड्यांवर धावत असलेला. अकराव्या मिनिटाला की कधी, एका उजव्या बगलेच्या खेळाडूने बचावफळीच्या पाठीमागे असा काही चेंडू सोडला की मी खुर्चीतून उठलो. त्यानंतर मी फक्त खेळ पाहिला.

सेरेब्रल पाल्सी हा शब्द आपल्या कानावरून गेलेला असतो. मराठीत त्याला मेंदूचा पक्षाघात म्हणतात. पण पुष्कळांची समजूत अशी असते की हा पायांचा, हाडांचा किंवा बुद्धीचा रोग आहे. पाय ठीक असतात, स्नायूही ठीक असतात. मेंदूकडून स्नायूंना जो हुकूम जायचा तो नीट जात नाही. मूल पोटात असताना, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या कोवळ्या काळात मेंदूच्या एखाद्या भागाला इजा होते. प्राणवायू कमी पडतो, मूल फार लवकर जन्मते, कावीळ डोक्यापर्यंत चढते, जंतुसंसर्ग होतो. इजा झाली ती झाली, ती पुढे वाढत नाही. पण तिचे परिणाम आयुष्यभर अंगावर वागवावे लागतात. कोणाचे स्नायू कायम ताठ राहतात, कोणाच्या हातापायांना मनाविरुद्ध हालचाली होतात, कोणाचा तोल सावरत नाही. बुद्धी शाबूत असलेली कितीतरी मुले, केवळ शब्द स्पष्ट उच्चारता येत नाहीत म्हणून, मतिमंद ठरवून घरात बसवली गेली आहेत.

या विकाराचा पहिला पद्धतशीर अभ्यास लंडनच्या विल्यम जॉन लिटल या डॉक्टरने केला. त्याचे स्वतःचेही एक पाऊल वाकडे होते. अवघड बाळंतपण आणि मुलांच्या अंगाचा ताठरपणा यांचा संबंध त्याने १८६१ मध्ये मांडला आणि पुढे बराच काळ या विकाराला 'लिटलचा आजार' म्हणत. त्यावर १८९७ मध्ये एका व्हिएन्नाच्या मज्जातंतुतज्ज्ञाने हरकत घेतली: अवघड बाळंतपण हे कारण नसून, पोटातच झालेल्या बिघाडाचा तो एक परिणाम असू शकतो. हा तज्ज्ञ म्हणजे सिग्मंड फ्रॉइड. स्वप्नांच्या वाटेला जाण्यापूर्वी तो या मुलांच्या हातापायांचा अभ्यास करीत होता, हे आपल्याकडच्या फ्रॉइडभक्तांनाही सहसा माहीत नसते.

आता या विकाराची माणसे फुटबॉल कशी खेळतात ते पाहू. मैदान साधारण सत्तर मीटर लांब आणि पन्नास मीटर रुंद असते. गोलची चौकट पाच मीटर रुंद आणि दोन मीटर उंच. दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू. अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन डाव. ऑफसाइड नाही. चेंडू रेषेबाहेर गेला तर दोन्ही हात डोक्यावर नेऊन तो आत फेकण्याची सक्ती नाही. एका हाताने जमिनीवरून घरंगळत टाकला तरी चालतो. बाकी सारे नियम तेच. धक्काबुक्की तीच, पंचांशी हुज्जत तीच, गोल झाल्यावरची मिठी तीच. खेळाडूंत जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असलेले असतात, तसे मेंदूतल्या रक्तस्रावाने किंवा अपघाताने तशीच अवस्था झालेलेही असतात. रिओत ब्रिटनचा कर्णधार होता जॅक रटर. बर्मिंगहॅम सिटी या नामवंत क्लबात तो धडधाकट फुटबॉलपटू म्हणून घडत होता. २००९ मध्ये त्याच्यावर हल्ला झाला, मेंदूला इजा झाली, एका कानाचे ऐकणे गेले आणि ती कारकीर्द संपली. पुढे तो याच खेळात देशाचा कर्णधार म्हणून पॅरालिम्पिकला गेला.

परंतु मला या खेळात सर्वांत विलक्षण वाटतो तो एक नियम. खेळाडूंचे तीन वर्ग केलेले आहेत. पहिल्या वर्गात ज्यांच्यावर विकाराचा परिणाम जास्त आहे ते, दुसऱ्यात मध्यम, तिसऱ्यात सौम्य. २०१८ पूर्वी असे चार वर्ग होते. नियम असा, की पहिल्या वर्गातला निदान एक खेळाडू सतत मैदानावर असलाच पाहिजे आणि तिसऱ्या वर्गातला एकापेक्षा जास्त असता कामा नये. पहिल्या वर्गाचा खेळाडू तुमच्याकडे नसेल तर सहा जणांतच खेळा. म्हणजे ज्याला धावणे सर्वांत कठीण जाते त्याला राखीव बाकावर बसवून तुम्हाला जिंकता येत नाही. त्याला उतरवायचे, त्याच्या पायाला झेपेल असा चेंडू त्याला द्यायचा, त्याची जागा ओळखून आपली जागा बदलायची. मार्गदर्शकाची सारी व्यूहरचना या एका माणसाभोवती उभी राहते.

हे वर्ग ठरवणारी मंडळीही केवळ टेबलावर झोपवून तपासणी करीत नाहीत. गुडघा किती अंशात वाकतो हे तपासतात, उडी मारायला सांगतात, आणि मग प्रत्यक्ष सामन्यात त्या खेळाडूला पाहतात. ताठर स्नायू दमल्यावर अधिक ताठरतात, मन उत्तेजित झाले की आणखी आवळतात. दवाखान्यात जो माणूस सरळ चालतो तोच पन्नासाव्या मिनिटाला पाय ओढू लागतो. म्हणून खेळताना पाहिल्याशिवाय निर्णय पक्का होत नाही.

हे वाचताना मला एक खातेदार आठवला. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट असेल. त्या काळी अपंगांना एसटीडी बूथ मिळत. तसा एक बूथ चालवणारा तिशीचा माणूस आमच्या शाखेत येई. मान एका बाजूला, उजवा हात सतत हलता, बोलणे समजायला कान द्यावा लागे. पण दिवसाचा हिशेब पैशापैशाने तोंडपाठ. अडचण एकच होती. त्याची सही कधीच नमुना सहीशी जुळत नसे. बँकेचा सारा डोलारा सही जुळण्यावर उभा! वरिष्ठांचा सरळ सल्ला होता, त्याला अंगठा लावायला सांगा, नियमात बसते. त्याने ते साफ नाकारले. "साहेब, मॅट्रिक झालोय मी. हात माझा ऐकत न्हाई, पर सही माझीच हाय की," असे तो म्हणाला.

आमच्याकडे एक जुने हेडकॅशियर होते. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि एका कोऱ्या कागदावर दहा सह्या करायला लावल्या. दहाही वेगळ्या. पण दहा एकाखाली एक पाहिल्यावर दिसू लागले की आडनावाचे शेवटचे अक्षर प्रत्येक वेळी खाली उतरते आणि तिथून एक रेघ डावीकडे परतते. एका सहीत जे दिसत नव्हते ते दहांत दिसत होते. तो कागद नमुन्याच्या कार्डाला जोडला गेला, दोघा अधिकाऱ्यांनी साक्षांकित केला, आणि पुढे मी तिथे असेतोवर त्याच्या विड्रॉल स्लिपा पास होत गेल्या. माणसाला एकदाच पाहून त्याचे मोजमाप करू नये, तो काम करीत असताना वारंवार पाहावे, हे त्या हेडकॅशियरांना कोणत्याही परिपत्रकाने शिकवले नव्हते.

आपल्याकडे अपंगत्वाचे प्रमाणपत्र टक्क्यांत मिळते. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले; त्यांत सेरेब्रल पाल्सी नावानिशी आहे. सवलतींसाठी चाळीस टक्क्यांची रेघ आहे. कायदा हवाच, रेघही कुठेतरी ओढावीच लागते. पण टक्केवारी माणसाला काय येत नाही एवढेच सांगते. फुटबॉलमधला वर्ग मात्र सांगतो, की या माणसाला इतके कठीण जाते, तेव्हा त्याला खेळात सामावून घेण्याची जबाबदारी बाकीच्यांवर इतकी आहे. एकाच तपासणीतून निघणारे हे दोन निष्कर्ष किती वेगळे!

या खेळाचा इतिहास फार जुना नाही. पॅरालिम्पिकची मुळे १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल येथे, डॉक्टर लुडविग गुटमन यांनी जखमी सैनिकांसाठी भरवलेल्या सामन्यांत आहेत. युद्धात पाठीच्या कण्याला मार बसलेल्यांसाठी ती चळवळ होती. आपले मुरलीकांत पेटकर हे त्याच परंपरेतले. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेल्या या सांगली जिल्ह्यातल्या जवानाने १९७२ मध्ये हायडेलबर्गला जलतरणाचे सुवर्ण जिंकले. जन्मतःच मेंदूला इजा झालेल्यांना मात्र या मांडवात शिरायला वेळ लागला. १९७८ मध्ये एडिंबरा येथे सेरेब्रल पाल्सीच्या खेळाडूंचे आंतरराष्ट्रीय सामने झाले, तिथे त्यांचा फुटबॉल प्रथम खेळला गेला. १९८० च्या आर्नहेम पॅरालिम्पिकमध्ये या खेळाडूंना प्रवेश मिळाला आणि १९८४ मध्ये त्यांचा फुटबॉलही आला. पहिले सुवर्ण बेल्जियमचे. त्यानंतर सोल, बार्सिलोना आणि अटलांटा अशी सलग तीन सुवर्णे नेदरलँड्सची. २००० नंतर मात्र सुवर्ण दोन शेजाऱ्यांखेरीज कोणाच्या हाती लागले नाही. सिडनीत रशिया, अथेन्स आणि बीजिंगला युक्रेन, लंडनला पुन्हा रशिया, रिओला पुन्हा युक्रेन.

युक्रेनचे यश दैवाने आलेले नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्या गरीब देशाने प्रत्येक प्रांतात अपंगांच्या क्रीडाकेंद्रांचे जाळे विणले. 'इन्व्हास्पोर्ट' हे त्याचे नाव. प्रांतातल्या मुलाला राजधानीत यावे लागत नव्हते, खेळच त्याच्याकडे जात होता. क्रिमियात येवपातोरिया येथे त्यांचे मोठे सरावकेंद्र होते. २०१४ मध्ये क्रिमिया गेला, तेही गेले. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. त्यानंतर तीनच महिन्यांच्या आत स्पेनमधील सालू येथे या फुटबॉलचा विश्वचषक झाला. तिथे रशियाचा संघ नव्हता. युक्रेनचा संघ आला, खेळला आणि विश्वविजेता होऊन, जिथे सायरन वाजत होते त्या आपल्या देशाकडे परतला. या विश्वचषकाच्या बातमीला किती वृत्तपत्रांत जागा मिळाली असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

मग असा खेळ पॅरालिम्पिकमधून काढला का? कारण कागदोपत्री अगदी स्वच्छ होते. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीच्या नियमावलीप्रमाणे सांघिक खेळ किमान २४ देशांत आणि तीन खंडविभागांत नियमित खेळला जात असला पाहिजे. जगभरच्या प्रसाराची ही किमान अट सात जणांचा फुटबॉल आणि नौकानयन हे दोन खेळ पुरी करीत नाहीत, असे समितीने सांगितले आणि दोन्ही खेळ गेले. टोकियोत बॅडमिंटन आणि तायक्वांदो हे नवे खेळ आले. बॅडमिंटन आले म्हणून आपल्याला पदके मिळाली, हेही विसरता येत नाही.

समितीची बाजू मी समजू शकतो. खेळाडूंची संख्या मर्यादित, दिवस मर्यादित, पैसा मर्यादित. एक संघ आणायचा तर डझनभर माणसे आणावी लागतात; त्यांना पदक मात्र एकच. दोनच देश वर्षानुवर्षे सुवर्ण वाटून घेत असतील तर 'हा खेळ जगाचा आहे का?' असा प्रश्न विचारणे गैर नाही. कुठेतरी आकडा ठरवावाच लागतो, आणि कोणताही आकडा ठरवला की कोणीतरी त्याच्या एका बोटाने खाली राहतेच.

पण बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला किमान शिल्लक नावाच्या गोष्टीचा स्वभाव चांगला ठाऊक असतो. खात्यात ठरावीक रक्कम नसली की दंड पडतो. दंड पडला की शिल्लक आणखी कमी होते. कमी झाली की पुन्हा दंड. ज्याच्याकडे पुरेसे आहे त्याला हा नियम आयुष्यात कधी भेटत नाही. ज्याच्याकडे कमी आहे त्यालाच तो दर महिन्याला भेटतो. शेवटी खाते शून्यावर येते आणि कोणीतरी म्हणते, 'हे चालवतच नाहीत, बंद करा.' शून्य शिल्लकेची खाती निघाली ती हे दुष्टचक्र ओळखल्यामुळेच.

फुटबॉलचे नेमके तेच होते. बहुतेक देशांत अपंगांच्या खेळाला सरकारी पैसा मिळतो तो पॅरालिम्पिकच्या पदकाकडे पाहून. खेळ यादीतून गेला की अनुदान आटते. अनुदान आटले की शिबिरे बंद, प्रवास बंद. नवे देश संघ उभारायला कचरतात आणि जुने मोडीत काढतात. मग देशांची संख्या २४ च्या पुढे जावी कशी? यादीत येण्यासाठी प्रसार हवा आणि प्रसारासाठी यादीत असायला हवे!

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घ्या. तिथल्या संघाचे सरकारी अनुदान २०१४ मध्ये बंद झाले. संघ मोडला असता, पण फुटबॉल संघटनेने आणि चाहत्यांनी लोकवर्गणी काढून तो जगवला. सिडनीच्या २००० च्या पॅरालिम्पिकनंतर हा संघ मायदेशात आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो थेट २०१९ मध्ये, कॅनडाविरुद्ध. म्हणजे एकोणीस वर्षे देशाची जर्सी घालणाऱ्या मुलांना त्यांच्या आईबापांनी घरच्या मैदानावर खेळताना पाहिले नव्हते. याच संघातला जेम्स टर्नर हा खेळाडू धावण्याकडे वळला. रिओत त्याने ८०० मीटरचे सुवर्ण विश्वविक्रमासह जिंकले, टोकियोत ४०० मीटरचे. त्याचे कौतुक करताना मनात येते, की ज्याला एकट्याने धावता येते त्याला दुसरे दार सापडले. जो संघातच फुलतो, ज्याची सारी करामत दुसऱ्याच्या पायात चेंडू नेऊन ठेवण्यात आहे, त्याने कुठे जायचे? आज पॅरालिम्पिकमध्ये फुटबॉल आहे तो फक्त अंधांचा. तोही अप्रतिम खेळ आहे. परंतु अंधांचा फुटबॉल आहे म्हणून यांचा नसला तरी चालेल, असे म्हणणे म्हणजे थोरल्याला शाळेत घातले, आता धाकट्याची काय गरज, असे म्हणण्यासारखे आहे.

एवढे होऊनही खेळ मेलेला नाही, ही आनंदाची गोष्ट. २०१५ पासून त्याची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघटना कारभार पाहते. विश्वचषक होत आहेत, खंडांच्या स्पर्धा होत आहेत. लिमा येथे २०१९ मध्ये आणि सँतियागो येथे २०२३ मध्ये झालेल्या पॅन-अमेरिकन पॅरा स्पर्धांत हा फुटबॉल होता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे २०२२ मध्ये सालू येथेच महिलांचा पहिला विश्वचषक झाला. पाच-पाच जणींचे संघ, देशही पाचच. अंतिम सामन्यात अमेरिकेने ऑस्ट्रेलियाला जादा वेळेत ४-२ असे हरवले. ऑस्ट्रेलियाचा तो महिला संघ त्याच वर्षी उभा राहिलेला. पाच देशांनी विश्वचषक भरवायचा, याला कोणी हसेलही. पण कोणतेही खाते पहिल्या पाच रुपयांनीच उघडते.

आता आपल्याकडे वळू. मुंबईत १९७२ मध्ये डॉ. मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्यांची कन्या मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी होती आणि तिला शिकवील अशी शाळा नव्हती, म्हणून आईने शाळा काढली. पुढे मालिनी चिब यांनी इंग्रजीत आत्मकथन लिहिले. त्यानंतरच्या अर्धशतकात उपचार, व्यायाम, विशेष शाळा यांचे काम पुष्कळ पुढे गेले आहे. मोठ्या शहरांत तरी आईबापांना कुठे जायचे ते कळते. तालुक्याच्या गावी अजूनही मूल दोन वर्षांचे झाले तरी 'उशिरा चालतात काही मुलं, आमचा धाकटाही तसाच होता' असे सांगणारे शेजारी भेटतात आणि मोलाचा काळ निघून जातो. मग सुरू होतो तो व्यायाम. सकाळ-संध्याकाळ पाय ताणायचे, मूल रडते, आई डोळे पुसत ताणत राहते. या मुलांच्या वाट्याला शरीर येते ते बहुधा असे, दुरुस्तीला काढलेल्या यंत्रासारखे. त्या शरीराला आनंदही होऊ शकतो, हे त्यांना सांगायचे कोणी?

शाळेच्या क्रीडादिनी असे मूल आपण सर्वांनी पाहिलेले आहे. गुणलेखकाच्या टेबलाजवळ त्याला खुर्ची दिलेली असते. शिक्षक प्रेमळ असतात, मित्र पाण्याचा पेला आणून देतात, बक्षीस समारंभात एखादे उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्रही हातात पडते. कोणी वाईट वागत नाही. फक्त त्याच्याकडे चेंडू कोणी टाकत नाही. सात जणांच्या फुटबॉलने या चांगुलपणाला उत्तर दिले आहे. तिथे तो नसेल तर संघ सातांचा होतच नाही.

२०३२ चे पॅरालिम्पिक ब्रिस्बेनला आहे, ज्या देशाने लोकवर्गणीवर हा खेळ जगवला त्याच देशात. तिथे हा फुटबॉल परत यावा असे मला मनापासून वाटते. पण समितीच्या नियमावलीतली अट तिच्या कार्यालयात पुरी होणार नाही. ती देशोदेशीच्या मैदानांवर पुरी व्हायची आहे. आपला देश केवढा, आपल्याकडे अशी मुले किती असतील! एखाद्या कोल्हापुरात, जिथे तालीम मंडळांकडे मैदान आहे, प्रशिक्षक आहेत, फुटबॉलवर जीव टाकणारे लोक आहेत, तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ या मुलांसाठी राखून ठेवायला कोणत्याही समितीची परवानगी लागत नाही. व्यायाम शिकवणारा जाणकार सोबत घ्यावा, मुलांना दमू द्यावे पण दुखू देऊ नये, एवढी काळजी पुरे. खर्चही फार नाही. सत्तर पावले लांब आणि पन्नास पावले रुंद अशी फक्कीची रेघ मारावी, चार बांबू रोवावेत, आणि ज्याला धावणे सर्वांत कठीण जाते त्याचे नाव संघात पहिले लिहावे. हात वर जात नसेल त्याने चेंडू घरंगळत आत टाकावा. नियमात बसते.